भाऊ अचानक गेला, आता माझ्या इकोत 'एचओसीएम' आलंय, तर पुढे काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३१, देवगडकडचे, ट्रॉलरवर कामाला. थोरला भाऊ ३६ व्या वर्षी शिमग्यात पालखी नाचवून घरी आला, खळ्यात टेकला आणि तिथेच गेला. पोस्टमॉर्टेम झालं नाही, सगळ्यांनी अटॅक म्हटलं आणि विषय संपला. मग तुम्हाला घाटी चढताना दम लागायला लागला म्हणून टूडी इको केला तर हृदयाचा मधला पडदा १९ मिमी, ग्रेडियंट (रक्त बाहेर पडायच्या वाटेवर दाबात पडणारा फरक) शांत असताना २२ आणि जोर लावल्यावर ६४, खाली 'एचओसीएम' लिहिलेलं, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडवणारा आजार. मेटोप्रोलॉल सुरू झालीय. आणि आता तुम्ही विचारताय की मी पण भावासारखाच जाणार का, समुद्रात जाऊ का नको, सात वर्षांच्या मुलीचं काय, बहिणीची सोयरीक जमतेय तिकडे सांगायचं का, आणि हे जाड झालेलं कापून एकदाचं मोकळं होता येतं का.

मी फिजिशियन आहे, सिंधुदुर्गात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय, इको स्वतः करतो. ह्या आजाराची अख्खी घरं माझ्याकडे येतात, म्हणून जरा लांबलचक लिहितो. तुम्हाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे गोळीचा डोस, डिव्हाइस बसवायचं की नाही असल्या गोष्टी तुमच्या कार्डिओलॉजिस्टनेच ठरवायच्या. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तरी नक्की सांगू शकतो.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट असाच अडकलेला असतो. एक म्हणजे दम का लागतो. दुसरा, अचानक जाण्याचा धोका किती. तिसरा, घरात अजून कोणाला आहे. ह्या तिघांची उत्तरं वेगळी, तपासण्या वेगळ्या आणि उपायही वेगळे. दम कमी करणारी गोळी अचानक जाण्यापासून वाचवेलच असं नाही, अचानक मृत्यूपासून वाचवणारं मशीन दम तसूभरही कमी करत नाही, आणि ऑपरेशन कितीही छान झालं तरी तुमच्या मुलीला इको करायला लागणारच. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ जातो.

आता आजार काय ते बघू. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू कारण नसताना जाड होणं. कारण नसताना म्हणजे बीपी जुनं नाही, झडप आकसलेली नाही, तरी जाड. मोठ्या माणसात १५ मिमी किंवा जास्त असेल तर आपण हा आजार धरतो, आणि घरात आधीच कोणाला निघालेला असेल तर १३ लाच कान टवकारतो. लंडनच्या डोनाल्ड टिअर ह्या पॅथॉलॉजिस्टने १९५८ साली तरुण माणसांच्या अशा जाड हृदयांचं पहिलं नीट वर्णन लिहिलं, आणि त्यातले बहुतेक असेच अचानक गेलेले होते. तेव्हापासून ह्या आजाराला एक भीतीचा शिक्का बसला तो अजून पुसला गेलेला नाही. आज आपल्याला माहितीय की साधारण दर ५०० माणसांत एकाला हा असतो, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, आणि त्यातल्या कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. सुरुवातीचे आकडे मोठमोठ्या हॉस्पिटलांतून आले जिथे मुळात वाईट केसेसच पोचायच्या, म्हणून ते इतके भयंकर दिसायचे. आता नीट देखरेखीत असलेल्या पेशंटमध्ये ह्या आजाराने मृत्यू वर्षाला शंभरात एक किंवा त्याहून कमी असा धरतात. तेव्हा "मी पण भावासारखाच जाणार का" ह्याचं उत्तर, नाही, तसं काही लिहून ठेवलेलं नाही. पण भाऊ तसा गेलाय ही गोष्ट तुमच्या हिशोबात मोजली जाते, त्यावर खाली येतो.

मूळ दोष जनुकात. हृदयाचा स्नायू आखडायला जी प्रोटीन लागतात त्यातल्या एखाद्याचं जनुक बिघडलेलं असतं, बहुतेक वेळा एमवायबीपीसी३ किंवा एमवायएच७. त्यामुळे स्नायू आखडतो जोरात पण सैल पडताना त्रास देतो. म्हणून रिपोर्टमध्ये ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा) ७० वगैरे येतो आणि पेशंट खूश होऊन सांगतो की "डॉक्टरांनू, पंपिंग एकदम फर्स्ट क्लास हा". पंपिंग चांगलंच असतं, अडचण भरण्यात असते. ताठ झालेल्या कप्प्यात रक्त भरायला जास्त दाब लागतो, तो दाब मागे फुफ्फुसात जातो आणि दम लागतो. शिवाय ह्या स्नायूचे तंतू ओळीत नसतात, वेडेवाकडे पडलेले असतात, मधे मधे व्रण तयार होतात, आणि विजेची लय तिथेच बिघडते. अचानक मृत्यू ह्या लयीमुळे होतो, रक्तवाहिनी बंद पडून नाही. भावाच्या बाबतीत 'अटॅक' म्हटलं गेलं ते बहुधा ह्या अर्थाने चुकीचं असणार, पण पोस्टमॉर्टेम नसल्यामुळे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही.

तुमचा दम मात्र मुख्यतः अडथळ्याचा दिसतोय. जाड पडदा नेमका रक्त बाहेर पडायच्या वाटेवर आहे आणि मायट्रल झडपेची (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) पाकळी दर ठोक्याला पुढे ओढली जाऊन त्याला चिकटते. खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी वाढली की कसं होतं, भरतीला होडी आरामात आत येते आणि सुकतीला तीच होडी त्याच जागी घासते. तसंच आहे हे. अंगात पाणी भरपूर, ठोके सावकाश, तर वाट मोकळी. पाणी कमी झालं, ठोके वाढले, रक्तवाहिन्या सैल पडल्या की वाट आवळते. म्हणून तुमचा आकडा बसल्याजागी २२ आणि जोर लावल्यावर ६४. ३० च्या वर गेलं की अडथळा म्हणतात आणि ५० च्या वर, शिवाय गोळ्या घेऊनही त्रास, असं असेल तर ऑपरेशनचा विचार होतो.

इथे एक सांगतो. इको करताना मी पेशंटला नुसता झोपवून आकडा घेत नाही. आधी झोपून, मग नाक दाबून तोंड मिटून पोटात जोर द्यायला लावतो, मग उठून उभं राहायला, आणि जमत असेल तर दहा उठाबशा काढायला लावून परत लगेच प्रोब ठेवतो. मॉनिटरवर जो आलेख आधी गोलसर असतो तो उठाबशांनंतर उशिरा टोक काढून वर चढलेला दिसतो, आकडा २० वरून ८० वर जातो, आणि पेशंट म्हणतो "हाच, हाच तो दम". ज्याच्या रिपोर्टवर फक्त शांत असतानाचा आकडा आहे त्याने तो रिपोर्ट अर्धा समजावा. तुमच्या डॉक्टरांनी जोर लावून घेतलाय म्हणजे काम नीट केलंय.

त्या दांडीच्या हिशोबानेच तुमची रोजची पथ्यं ठरतात. मे महिन्यात डेकवर दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी प्यायचं नाही, हे तुमच्यासाठी सगळ्यात वाईट. पाणी, ताक, कोकम सरबत, जे जाईल ते सतत थोडं थोडं. निर्जळी उपास नको, देवीला कितीही बोललेलं असो, फळ आणि पाण्यावरचा करा. जुलाब उलट्या ताप आला तर ओआरएस लगेच, आणि दोन दिवसात आवरलं नाही तर दाखवायला या. पोट फुटेस्तोवर जेवून लगेच चढ चढू नका, जेवणानंतर ह्या आजारात दम जास्त लागतो, पेशंट स्वतःहून हे सांगत नाहीत पण विचारलं की म्हणतात हो. हुर्राक, फेणी, काहीही असो, दारूने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि अडथळा वाढतो, शिवाय लयही बिघडते, तेव्हा ती सोडलीत तर उत्तम.

आणि हे ठळक अक्षरात वाचा. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट (ही नायट्रेट गटातली गोळी) ठेवायची सवय आपल्याकडे घराघरात आहे, शेजारी धावत येऊन आपल्या खिशातली गोळी देतो. अडथळा असलेल्या माणसात त्याच गोळीने बीपी धाडकन पडून माणूस कोसळू शकतो. तसंच बीपीसाठीची अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी, लघवीच्या गोळ्यांचा मोठा डोस, सिल्डेनाफिलच्या गोळ्या, ह्या तुमच्या कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाहीत. एका कागदावर 'एचओसीएम, अडथळा आहे, नायट्रेट देऊ नये' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, लॅमिनेट करा, पाकिटात ठेवा, आणि बोटीवरच्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) दाखवून ठेवा. डेंटिस्टकडे, भूल द्यायच्या आधी, कुठेही गेलात तरी आधी हा कागद पुढे करायचा.

औषधाचं बघू. मेटोप्रोलॉल म्हणजे बीटाब्लॉकर, ठोके सावकाश करतं, भरायला वेळ मिळतो, जोर लावल्यावरचा अडथळा कमी होतो. पहिली पायरी हीच असते आणि बहुतेक वेळा डोस हळूहळू वाढवावा लागतो, सुरुवातीच्या छोट्या डोसवर फरक पडला नाही म्हणून गोळी फुकट गेली असं समजू नका. एकदम बंद मात्र करायची नाही. फेरीला जाताना लोक चार दिवसांच्या गोळ्या नेतात आणि बोट आठ दिवसांनी परत येते, तेव्हा दुप्पट न्या आणि प्लास्टिकच्या डबीत कोरड्या जागी ठेवा. दमा असेल तर डॉक्टरांना सांगा, मग व्हेरापामिलसारखा दुसरा पर्याय बघतात. त्यानेही जमलं नाही तर डायसोपिरामाइड आहे. मावाकॅम्टेन नावाचं नवीन औषध स्नायूच्या जास्तीच्या आखडण्यावरच काम करतं, अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण ते घेताना ईएफ खाली येऊ शकतो म्हणून ठरावीक अंतराने इको करत राहायला लागतं, आणि खर्चाचा विचार आधी करायला लागतो. मोठ्या सेंटरला गेलात की विचारा.

"कापून मोकळं" होण्याबद्दल. दोन पद्धती आहेत. एक, ओपन हार्ट करून पडद्याचा थोडा भाग खरवडून काढतात, मायेक्टॉमी म्हणतात. दुसरी, मांडीतून किंवा हातातून कॅथेटर नेऊन पडद्याला रक्त देणाऱ्या बारीक शाखेत अल्कोहोल सोडतात, तेवढा भाग सुकतो. दोन्हीने अडथळा जातो आणि दमात खरोखर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण हे नुसता पडदा १९ आहे म्हणून करायचं नसतं. पुरेशा गोळ्या देऊनही दम, चक्कर राहिली आणि आकडा ५० च्या वर असेल तरच. आणि जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात तिथेच करायचं, इथे सर्जनचा हात किती बसलाय ह्यावर निकाल ठरतो. अल्कोहोलवाल्या पद्धतीत काही जणांना नंतर पेसमेकर लागतो, हे आधी विचारून ठेवा. तुमचं औषध आत्ताच सुरू झालंय, तेव्हा ह्या प्रश्नाला सध्या थांबा.

दुसरा प्रश्न, धोक्याचा, ह्याला मात्र थांबू नका.

अचानक मृत्यूचा धोका मोजताना आम्ही काय काय बघतो ते सांगतो. सख्ख्या नात्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं का. कारण न सापडलेली शुद्ध हरपणं, विशेषतः मेहनत करताना. स्नायू ३० मिमी किंवा जास्त आहे का. होल्टरमध्ये (एक-दोन दिवस अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) वेगवान ठोक्यांच्या लडी सापडल्या का. हृदयाच्या टोकाला फुगा आलाय का. ईएफ ५० च्या खाली घसरलाय का. आणि एमआरआयमध्ये व्रण किती पसरलेत. युरोपातले डॉक्टर वय, डाव्या कर्णिकेचं (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचं) माप, ग्रेडियंट वगैरे घालून पाच वर्षांच्या धोक्याची टक्केवारी काढतात, अमेरिकेतले ह्यातला एखादा मोठा मुद्दा असला तरी आयसीडीचा, म्हणजे अचानक मृत्यूपासून वाचवणाऱ्या मशीनचा, विषय काढतात. तुमच्यात भावाचा मुद्दा आहे. म्हणजे आयसीडी हवंच असं मी इथून म्हणत नाही, पण हा विषय निघालाच पाहिजे, आणि कार्डिओलॉजिस्टने काढला नाही तर तुम्ही काढा. त्याआधी निदान ४८ तासांचा होल्टर आणि हृदयाचा एमआरआय व्हायला हवा. एमआरआयला मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागेल, एका फेरीत एमआरआय आणि तज्ज्ञांची भेट दोन्ही उरका.

आयसीडी म्हणजे छातीत कातडीखाली बसवलेलं छोटं मशीन, लय बिघडली की आतून शॉक देऊन परत आणतं. जीव वाचवतं ह्यात वाद नाही. पण कधी कधी नको तेव्हाही शॉक देतं, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, आणि ३१ व्या वर्षी बसवलं म्हणजे पुढे कितीतरी वेळा बदलणं आलं. खर्च काही लाखांत जातो, महात्मा फुले योजनेत तुमच्या केसमध्ये काय बसतं ते त्या त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. दोन्ही बाजू समजून घेऊन बायकोसोबत बसून ठरवा, घाईत हो नको आणि भीतीपोटी नाही पण नको.

विम्याचंही इथेच सांगतो. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिलेल्या प्रकरणातला पेशंट ह्याच आजाराचा होता, 'जनुकीय आजार' म्हणून त्याचा क्लेम नाकारला होता आणि कोर्टाने असं सरसकट वगळणं भेदभाव ठरवलं. त्याच वर्षी विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयनेही कंपन्यांना तशा अटीवर क्लेम नाकारू नका असं कळवलं. मात्र अर्जात आजार लपवलात तर क्लेम जाईल, तेव्हा खरं लिहा.

समुद्राचं आता. तपासण्या पूर्ण होऊन निर्णय होईपर्यंत जाऊ नका, इथे मी मऊ बोलणार नाही. एकदा जरी शुद्ध हरपली असेल, अगदी दोन सेकंद, तर अजिबात नाही, कारण किनाऱ्यावर चक्कर आली तर माणूस खाली पडतो आणि डेकवर आली तर पाण्यात. निर्णयानंतर, धोका कमी ठरला आणि गोळ्यांवर तुम्ही स्थिर असलात, तर काम पूर्ण सोडायलाच हवं असं नाही. पंख्यात जाळं अडकलं की पाण्यात उडी मारायची ती तुम्ही नाही. श्वास कोंडून जड जाळं ओढायचं, रापणीला दोर खेचायला उभं राहायचं, हे नाही, कारण तिथे नेमका तोच जोर लागतो जो इकोत आकडा ६४ वर नेतो. भर दुपारी इंजिनरूममध्ये तासंतास नाही. एकट्याने छोट्या होडीतून नाही, रात्री एकट्याने चाकावर नाही. लाइफ जॅकेट सदैव अंगावर. आयसीडी बसलं तर चालू इंजिन, अल्टरनेटरवर ओणवं व्हायचं नाही, हातभर लांब राहायचं. मासळी निवडणं, बर्फ, हिशोब, लिलाव, ह्या कामांना हरकत नाही.

पण म्हणून नुसतं घरात बसून राहणंही चूक आहे. पूर्वी ह्या पेशंटना खुर्चीत बसवायचे. आता मध्यम व्यायाम, म्हणजे बोलता येईल इतपत जलद चालणं, फायद्याचा मानतात, आणि २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीत देखरेखीत असलेल्या, जोरदार व्यायाम करणाऱ्या पेशंटमध्येही धोका वाढलेला दिसला नाही. स्पर्धेची कबड्डी, पालखी नाचवणं ह्याबद्दल मात्र तुमच्या तज्ज्ञाशी बोलूनच. पालखीला खांदा द्या, नाचवायला भावकीतली पोरं आहेत.

आता घर. हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग.

हा आजार आई किंवा वडील एकाकडून जरी आला तरी होतो, आणि ज्याला आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. नवीन पेशंट आला की मी केसपेपर उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर वंशावळ काढतो, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. आणि नेहमी एकच होतं. लोक भावकी भरभर सांगतात, आजोबा, चुलते, चुलतभाऊ, कोण कुठल्या वाडीत. बहिणी सांगतच नाहीत. आत्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, ती आता 'त्यांची'. पण रक्त तिच्यातही तेच आहे आणि तिच्या पोरांतही. म्हणून मी मुद्दाम विचारतो, आत्या किती, त्यांची मुलं कुठे. मग हळूहळू निघतं. "एक चुलतो मुंबैत असताना झोपेतच गेलो." "आत्येचो झील पोहणारो पट्टीचो, पण विहिरीत बुडून गेलो." "एकीला फिट यायच्या, त्यातच गेली." पट्टीचा पोहणारा विहिरीत का बुडेल? फिट म्हणून ज्याला म्हटलं ती कदाचित लयच बिघडलेली असेल. वाऱ्याने गेला, बाहेरचं झालं, देवाचं काही राहिलं असेल, असं ज्या मृत्यूंबद्दल घरात बोललं जातं ती सगळी नावं मी कागदावर घेतो. कौल लावायला जाणाऱ्यांना मी अडवत नाही, गाऱ्हाणं घाला, मनाला आधार लागतोच. पण त्याच आठवड्यात सगळ्या भावंडांचा ईसीजी आणि इको करून घ्या एवढंच सांगतो.

तुमच्या घरात कोणाकोणाला करायचं. आई, वडील, बहीण, तुमची मुलगी, आणि भावाचा मुलगा, तो सगळ्यात आधी. बायकोला आणि वहिनीला ह्या कारणासाठी गरज नाही, त्या रक्ताच्या नात्यात नाहीत. मुलीला आत्ता ईसीजी आणि इको, नॉर्मल आला तरी दर एक-दोन वर्षांनी परत, कारण हा आजार बऱ्याचदा वयात येताना उमलतो, सातव्या वर्षीचा नॉर्मल इको म्हणजे कायमची सुटका नाही. मोठ्यांना नॉर्मल आला तर तीन ते पाच वर्षांनी. इकोत रेडिएशन नसतं, गरोदर बायकांची सोनोग्राफी होते तशाच लहरी, तेव्हा पोरीला परत परत कशाला असं वाटून घेऊ नका. आणि नॉर्मल आहे तोवर तिला खेळू द्या, शाळेत पीटीला बसवून ठेवू नका.

जीन टेस्ट करायची का? करायची तर आधी तुमची, कारण आजार तुमच्यात दिसतोय. तुमच्यात दोष नक्की सापडला तर मग बाकीच्यांची तपासणी त्या एका दोषापुरती होते, आणि ज्याच्यात तो नाही त्याची इकोच्या फेऱ्यांतून सुटका. पण निम्म्याच्या आसपास घरांत टेस्टमध्ये काहीच नक्की सापडत नाही, त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही, मग इकोच करत राहायचे. आणखी एक. भारतीयांत साधारण शंभरात चौघांमध्ये एमवायबीपीसी३ मधली २५ अक्षरं गळलेली असतात. २००९ मध्ये हे छापून आलं तेव्हा फार गाजलं. पुढे दिसलं की खरा त्रास बऱ्याचदा त्याच्या शेजारच्या दुसऱ्याच बदलाचा असतो. तेव्हा रिपोर्टात तेवढंच आलं तर घाबरून आख्ख्या भावकीला फोन करू नका, जनुकतज्ज्ञाकडे जाऊन वाचून घ्या.

बहिणीच्या लग्नाबद्दल. आधी तिचा इको. नॉर्मल आला तर आज तिला आजार दिसत नाही, पुढे अधूनमधून बघत राहायचं, एवढंच. निघाला तरी लग्न, संसार, मूल सगळं होतं, बहुतेक जणींची बाळंतपणं नीट होतात, फक्त नोंद सुरुवातीपासून कार्डिओलॉजिस्टकडे आणि बाळंतपण सोय असलेल्या हॉस्पिटलात. मुलाकडच्यांना सांगा. लपवून दिलेली मुलगी सासरी दम लागला तरी बोलत नाही, गोळ्या चोरून खाते नाहीतर सोडते, आणि ते मी पाहिलेलं आहे. एक मात्र लक्षात घ्या, मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी ठरत असेल तर थांबा. दोन्हीकडून दोष आला तर मुलाला फार लहान वयात, फार गंभीर आजार होऊ शकतो.

आणि वहिनी. तुम्ही एका ओळीत लिहिलंय की घरात तिला बोल लावतात, तिच्या पायगुणाने गेला म्हणतात. कृपा करून तुमचा हा इको रिपोर्ट आईवडिलांसमोर ठेवा आणि स्पष्ट सांगा की हे आपल्या घरातून आलंय, तिच्याकडून नाही. तिच्या पोराचा इको करायला तिला सोबत घेऊन तुम्ही स्वतः जा. हे डॉक्टर म्हणून सांगतोय, कारण ज्या सुनेला घरात बोल लागतो ती माहेरी निघून जाते आणि तिच्यासोबत तो पोरगाही तपासणीतून निसटतो, ज्याला ती सगळ्यात जास्त हवी असते.

घरात सगळ्यांनी सीपीआर शिकून घ्या. कोणी कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर कांदा नाही, चप्पल नाही, पाणी पाजणं नाही. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, थकलात की माणूस बदला. शॉक मिळायला जेवढी मिनिटं उशीर तेवढी वाचायची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि नुसतं दाबत राहिल्यानेही ही घट मंदावते. आपल्या वाड्या रस्त्यापासून आत, अँब्युलन्स यायला वेळ लागणारच, म्हणून हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही यायला हवं. जिल्हा रुग्णालयात किंवा तालुक्याच्या डॉक्टरकडे शिकवा म्हणून मागे लागा, बोटीवरच्या सगळ्यांना घेऊन जा.

छातीत अनियमित धडधड सुरू झाली आणि थांबेना तर त्याच दिवशी ईसीजी. डावी कर्णिका मोठी झाली की एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची लय बिघडणं) होऊ शकतं, गुठळी होऊन पॅरालिसिस होऊ शकतो, म्हणून ह्या आजारात ते सापडलं की रक्त पातळ करायची गोळी बहुतेक सगळ्यांनाच देतात, वय कमी म्हणून सूट नाही.

१ जूनपासून बंदी लागते, ३१ जुलैपर्यंत बोट तशीही किनाऱ्यावर असेल. ह्या दोन महिन्यांत हे बसवा. पहिल्या आठवड्यात होल्टर आणि घरच्यांचे ईसीजी-इको, पुतण्यापासून सुरुवात. नंतर एमआरआय आणि मोठ्या सेंटरला एक भेट, तिथे आयसीडीचा प्रश्न तुम्ही तोंडाने विचारायचा. मधल्या काळात मेटोप्रोलॉलचा डोस बसवून घेऊन परत एकदा जोर लावून इको. होल्टरचा रिपोर्ट आला की डाव्या कर्णिकेचं माप आणि कधी शुद्ध हरपली होती का हे सोबत लिहून परत विचारा, नाव आणि फोन नंबर झाकून टाका. तुम्ही शुद्ध हरपण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाहीये, ते मला सगळ्यात आधी हवंय.